जेजूचा हट्टी तेलघाणा

मित्रांनो, मी एक जुना तेलघाणा आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच चुकचुकू नका, मला ते खपत नाही. माझ्याभोवती बैल फिरत नाही. दोन जाड फळ्या, त्यांच्यामध्ये कॅमेलिया नावाच्या फुलझाडाच्या वाफवलेल्या बियांची पोतडी आणि वर समुद्रकाठचे काळे दगड, एवढाच माझा संसार. कोरियातल्या जेजू बेटावरच्या सनोकआजीच्या सासऱ्यांनी मला घडवलं. ते होड्या बांधणारे होते, घाणे करणारे नव्हते. त्यामुळे मी जरा वाकडा झालो, पण दणकट झालो.

आमच्या गावच्या बायका समुद्रात बुड्या मारून शंखशिंपले काढतात. खाऱ्या पाण्याने त्यांचे गाल तडकायचे, मग माझंच तेल लागायचं. नवरीचे केस माझ्या तेलाशिवाय विंचरलेच जात नसत. गावचा नियम मात्र कडक होता. बोंड उकलून बी आपोआप खाली पडली तरच वेचायची. पडलेलं आपलं, झाडावरचं झाडाचं.

पुढे दुकानांत चकचकीत बाटल्या आल्या आणि माझी रवानगी कोठीत झाली. माझ्यावर कांद्याची पोती रचली गेली. एक कोंबडी तर माझ्या फळीवर रोज अंडं घालायची. मला फार राग यायचा, खोटं कशाला बोलू?

मग आजीची नात यनसू परत आली. राजधानीत, सोलमधल्या एका कारखान्यात ती क्रीम बनवायची. तिथे सशांच्या डोळ्यांत काय काय घालून पाहतात ते तिला बघवलं नाही, म्हणून तिने नोकरी सोडली. तिने कोंबडीला हाकललं, मला घासलं आणि गावातच दुकान थाटलं. तेल, साबण, ओठांना लावायचं मलम, इतकंच. तेल काचेच्या बाटलीत मिळायचं आणि रिकामी बाटली आणली की पुन्हा भरून मिळायची. बाटलीवर लिहिलेलं असायचं, ‘कुणालाही न दुखवता’. ते वाचून मीही फुगलो होतो.

तीन वर्षं बरी गेली, चौथ्या वर्षी गिऱ्हाईक आटलं. तेवढ्यात सोलच्या एका मोठ्या दुकानाचे प्यो साहेब आले. त्यांना चुसोकच्या, म्हणजे सुगीच्या सणाला भेटीची खोकी द्यायची होती. त्यात तेल हवं होतं आणि तेही भरपूर. पण त्या वर्षी सण लवकर आला होता आणि झाडावर बोंडं अजून हिरवी होती. ही मागणी हातची गेली तर दुकानाला कुलूप लावून पुन्हा सोल गाठावं लागणार, हे यनसूला ठाऊक होतं. तिने बांबू घेतला आणि झाडं बडवून काढली.

वेचायला आलेल्या बायका हिरवा खच पाहून जागीच थांबल्या. सनोकआजी म्हणाली, “झाडाला बडवायचं आणि बाटलीवर लिहायचं, कुणालाही न दुखवता! वा गं माझी बाय!”

“आजी, दहा दिवसांत माल द्यायचाय. मी काय करू?”

“कर की काय करायचं ते. आम्हाला नको सांगूस.” बायका रिकाम्या टोपल्या घेऊन घरी गेल्या.

यनसूने एकटीने माझ्यावर दगड चढवले. मी काय देणार? कच्च्या बियांतून वाटीभर कडू, गढूळ पाणी निघालं. मी ते थुंकलो म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी प्यो साहेबांनी वाटी पाहिली आणि हसून म्हणाले, “एवढंच ना, मॅडम? बाहेरून स्वस्त तेल आणू. त्यात तुमचे दहा थेंब पुरे. खोक्यावर आजींचा आणि या घाण्याचा फोटो टाकू, झालं काम.”

“आणि बाकीचं तेल कशाचं?”

“कोण विचारतंय?”

“मी विचारतेय,” यनसू म्हणाली. “झाडं मी बडवली. ती चूक माझी, मी निस्तरेन. तुमच्या खोक्यात घालून विकणार नाही.”

“दुकान बंद पडेल तुमचं.”

“पडलं तर पडलं. या आता, साहेब.”

दारातून सनोकआजी ओरडली, “आणि माझा फोटो बिटो काढलात तर बघा! मी अजून केस विंचरलेले नाहीत!”

सण होऊन गेला. मग उरलीसुरली बोंडं आपली आपण उकलली. बायका टोपल्या घेऊन आल्या, कुणी मागचं काही काढलं नाही. दगड कमी पडले तेव्हा तिघी जणी माझ्या फळीवरच चढून बसल्या आणि गावभरच्या चहाड्या करत राहिल्या. खालून पिवळंधमक तेल गळू लागलं. भरल्या अवघ्या चाळीस बाटल्या. यनसूने प्रत्येकीवर स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘यंदा तेल थोडं आहे. पिकण्याआधीच मी झाडं बडवली. चूक माझी.’

असं लिहून कुणी माल विकतं का? लोक हसले. काहींनी वाचून बाटली परत ठेवली. पण बुड्या मारणाऱ्या बायका रिकाम्या बाटल्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. दुकान लहान झालं, पण कुलूप लागलं नाही.

म्हणून मित्रांनो, मला जपायचं असेल तर झाडाला जपा. बिया पडेपर्यंत थांबा आणि मग कितीही दगड चढवा, मी कुरकुरणार नाही. घाई असेल, तर दुसरा घाणा बघा.