कप्तान पारोलाचा उजवा पाय

मित्रांनो, घटकाभर अशी कल्पना करा की तुमची उंची जेमतेम वीतभर आहे. टेबलावर पांढरे कापड अंथरले आहे आणि त्यावर तुम्हाला पालथे निजवले आहे. जाड भिंगाआडून एक भला मोठा डोळा तुमचे तळपाय तपासतो आहे. हलायचे नाही, बोलायचे नाही. आणि थोड्या वेळाने कुणीतरी सांगणार आहे की तुम्ही चांगले आहात की नाही. कसे वाटेल? गेल्या जानेवारीत माझ्यावर तशी वेळ आली.

मी एक जुना बाहुला आहे. माझे नाव कप्तान पारोला. पारोला म्हणजे दीपगृह. एके काळी आमच्या सेबू बेटावर दर शनिवारी संध्याकाळी पोरे टीव्हीसमोर जमत, कारण तेव्हा पारोलाची मालिका लागे. वादळात भरकटलेल्या होड्यांना तो छातीवरच्या दिव्याने किनारा दाखवी. तो हाडामांसाचा नट होता, मी त्याच्यावरून ओतलेला. कारखान्यात साच्यातून माझे दोन अर्धे भाग निघाले. एका बाईने ते जोडले, दुसरीने निळे बूट रंगवले, तिसरीने खांद्याला निळ्या प्लास्टिकचा शेला अडकवला.

नाताळात एदगार नावाच्या सात वर्षांच्या मुलाला त्याच्या धर्ममातेने मला भेट दिले. आठवड्याच्या आतच त्याने मला धक्क्यावरून खोल पाण्यात कामगिरीवर पाठवले. गळाला लागून मी वर आलो, शेला मात्र भरतीबरोबर गेला. एदगार म्हणे दोन दिवस जेवला नाही. खरे तर तो पलंगाखाली बसून सुकवलेले आंबे खात होता. मी तिथेच होतो.

त्याची मोठी बहीण सेलिंग शिवणकाम करी. आमच्याकडे घरोघरी सांतो निन्योची, म्हणजे बाळयेशूची, मूर्ती असते आणि जानेवारीतल्या सणाला तिला नवा पोशाख लागतोच. सेलिंगच्या हातच्या पोशाखांना मोठी मागणी होती. त्यातल्याच उरलेल्या लाल मखमलीचा तिने मला शेला शिवला आणि त्याला सोनेरी किनार लावली.

"हे घे, दोंग," ती धाकट्या भावाला लाडाने म्हणाली. "राजाच्या कपड्यातलं कापड आहे. आता तरी बुडू नकोस म्हणावं त्याला."

मग एक गंमत घडली. सणाच्या आदल्या दिवशी टेबलावर नव्या पोशाखातल्या पाच मूर्ती रांगेत उभ्या होत्या. गिऱ्हाइकांनी पाठवलेला माणूस त्यांना देवळात आशीर्वादाला नेणार होता. एदगारने कौतुकाने मलाही रांगेच्या टोकाला उभे केले. माणूस घाईत होता. लाल मखमल दिसली, सोनेरी किनार दिसली, त्याने सहाही जणांना टोपलीत घातले.

देवळाच्या अंगणात एका क्षीण नजरेच्या म्हातारीने माझ्या उजव्या पायाला रुमाल लावला आणि तो कपाळाला टेकवला. तिचे पाहून मागचीनेही तेच केले. एदगार धापा टाकत पोहोचला तेव्हा माझ्यापुढे अकरा माणसांची रांग होती. सेलिंगला चार बायकांनी धारेवर धरले. पाद्रीबाबांनी मात्र हसू आवरत विचारले, हा नावाड्यांना किनारा दाखवतो तोच ना? आणि पवित्र पाण्याचे दोन थेंब माझ्यावरही शिंपडले.

तेव्हापासून एदगार परीक्षेला जाताना माझ्या उजव्या पायावर अंगठा घासू लागला. आधी थट्टेने, मग सवयीने. मोठा होऊन तो जहाजावर नोकरीला लागला, तेव्हा पहिल्या दिवशीही अंगठा घासूनच निघाला. पुढे मात्र मी सेलिंगच्या बिस्किटांच्या डब्यात गेलो. रिळे, बटणे, तुटके हूक आणि मी. कितीतरी वर्षे त्या डब्याचे झाकण फक्त बटण हवे असले की उघडे, आणि मी बटण नव्हतो.

तीन वर्षांपूर्वी सेलिंग वारली. डबा एदगारच्या मुलीकडे आला. तिचे नाव जोवी, वय नऊ. तिला वडिलांनी माझी सगळी गोष्ट सांगितलेली होती. ते समुद्रावर असले की ती शाळेला निघताना माझ्या त्याच पायावर अंगठा घासू लागली.

यंदा एदगार अकरा महिन्यांनी सणाला घरी येणार होता. त्याच आठवड्यात बाजाराच्या सभागृहात टीव्हीवरच्या जुन्या खेळण्यांचे प्रदर्शन भरणार होते. जोवीने मनाशी ठरवले, पप्पांना काहीएक न सांगता तिथे न्यायचे, आणि काचेच्या कपाटात दिव्याखाली मला उभा बघून त्यांचा चेहरा कसा होतो ते पाहायचे. तिचा मामेभाऊ म्हणाला, असल्या रंग उडालेल्या पायाच्या बाहुल्याला काचेत नाही, कचऱ्यात ठेवतात. ती त्याच्याशी चार दिवस बोलली नाही.

कोणते खेळणे कपाटात जायचे हे नोय सिप्रियानो ठरवत; नोय ही आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मारायची हाक. जुने बाहुले दुरुस्त करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. माणूस मायाळू, पण शेरा कधी खोटा लिहीत नसत. त्यांनी माझा गुडघा वाकवून कानाशी धरला, टक् असा आवाज ऐकला, तळपायावरची खूण पाहिली, मला हुंगलेसुद्धा.

"खरा आहे," ते म्हणाले. "पहिल्या साच्यातला."

जोवीने रोखून धरलेला श्वास सोडला. पण नोय कार्डावर लिहीतच राहिले. शेला मूळचा नाही. किनार उसवलेली. उजव्या बुटाचा रंग गेलेला. शेवटी शेरा, अपूर्ण.

तिचे तोंड उतरलेले पाहून त्यांनी खणातून एक निळा शेला काढला. म्हणाले, हा अस्सल आहे, हा लावू, बूट रंगवू, अर्ध्या तासाचे काम, मग मीच याला मधल्या फळीवर ठेवतो. शेजारी त्यांनी एक न उघडलेले खोके ठेवले होते. त्यात माझा जुळा भाऊ होता. त्याचे बूट चकचकीत होते. त्याने कधी समुद्र पाहिला नव्हता. खरे सांगतो, तरीही मला मोह झाला. डब्यात राहिलेल्याला दिव्याचे अप्रूप असते.

नोयनी कात्री उचलली आणि शेल्याच्या टाक्यापाशी नेली.

"नोय," जोवी हळूच म्हणाली, "मग पप्पांना तो ओळखू येईल?"

"न यायला काय झालं, इंदाय? कारखान्यातून निघाला तसाच दिसेल."

"तसा तर पप्पांनी त्याला एकच आठवडा बघितलाय."

कात्री थांबली. त्यांनी पायाचे विचारले. तिने टोपलीपासून अंगठ्यापर्यंत सगळे सांगितले. नोयनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. मग म्हणाले की नियम तो नियम, असाच राहिला तर कपाटात ठेवता येणार नाही. असाच राहू दे, म्हणून जोवीने मान हलवली. डोळ्यांतले पाणी तिने पापण्यांवरच थोपवले होते, ते आता गालावर आले.

मित्रांनो, खेळणी जपा असे तुम्हाला सगळेच सांगतात. पण जपणे म्हणजे नुसते न हाताळणे नव्हे. खेळा, झिजवा, चुकून समुद्रात पाडा. फक्त आम्हाला डब्यात विसरू नका, आणि उसवले तर टाका घाला.

जोवीने बाहीने गाल पुसले आणि नोयकडे सुई मागितली. त्यांनी सुई दिली, लाल दोऱ्याचे रीळही दिले आणि बसायला स्टूल पुढे सरकवले. याआधी तिने कधी काही शिवलेले नव्हते. जी कात्री माझा शेला कापायला काढली होती, तिनेच जोवीने हातभर दोरा कापला. त्याचे टोक जिभेवर ओले केले आणि तिसऱ्या खेपेला सुईत ओवले. मग मला मांडीवर पालथे घेऊन, जिथे सेलिंगचा शेवटचा टाका सुटला होता, बरोबर तिथेच तिने आपला पहिला टाका घातला.