सतरा-अचा ठिपका

रायपूरच्या समता कॉलनीतल्या त्या गल्लीत बत्तीस घरं होती आणि आपल्यावाचून त्यातल्या एकाचंही पान हलत नाही, अशी बाबाराव निमजे यांची पक्की समजूत होती. चौतीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढली. कुठलं पोतं कुठल्या डब्यात जाईल हे ठरवता ठरवता केस पांढरे झाले. निवृत्तीनंतर कोणी गाडी कुठे लावावी, कोणी कुठल्या डॉक्टरकडे जावं, हेही तेच ठरवत. मनातल्या मनात, कारण विचारायला कोणी येत नसे.

अशात ऋता आली. विद्यापीठात संशोधन करणारी मुलगी. माणसं एकमेकांशी कशी जोडलेली असतात, अडल्यानडल्याला कोण कोणाकडे धावतं, याचा तिचा अभ्यास होता आणि त्यासाठी तिने हीच गल्ली निवडली होती. घर मराठीच, पण रायपुरातल्या तिच्या वयाच्या पोरांसारखं तिला मराठी सगळं समजायचं, पण तोंडातून निघायची जास्त करून हिंदी.

"काका, बस तीन सवाल हैं," ती म्हणाली. "रोज किससे बात करते हैं, सलाह किससे लेते हैं, और अचानक अस्पताल जाना पड़े तो सबसे पहले किसको बुलाएंगे?"

पहिल्या प्रश्नापुढे बाबारावांनी लिहिलं, 'सर्वांशी'. दुसऱ्यापुढे, 'सल्ला देतो, घेत नाही'. तिसऱ्यापुढे, 'गरज नाही'.

"काका, नाम लिखना होता है."

"मले कोणाचीच गरज नाई पडत, पोट्टे. तेच लिहिलं नं."

नावं गुप्त राहावीत म्हणून ऋताने फॉर्मवर नुसते नंबर घातले होते. सतरावं घर, म्हणून बाबाराव सतरा-अ आणि त्यांची बायको वनमाला सतरा-ब. पार्सलवाल्या माणसाच्या नजरेतून नंबर सुटतो थोडाच!

पंधरा दिवसांनी ऋता समोरच्या मीरावहिनींच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलेली दिसली. बाबाराव सहज म्हणून गेले आणि मागून डोकावले. पडद्यावर ठिपके आणि बाणांचं जाळं होतं. ज्याचं नाव जास्त लोकांनी घेतलं, त्याचा ठिपका मोठा. मधोमध पुरीएवढा ठिपका होता चार-अचा. चौथं घर म्हणजे तुळशीराम वानखेडे! उजव्या कानाने ठार बहिरा, दिवसभरात दहा वाक्यं न बोलणारा माणूस! आणि सतरा-अ? तो कोपऱ्यात, मोहरीएवढा. एकही बाण त्याच्याकडे येत नव्हता. सतरा-बचे बाणसुद्धा रस्ता ओलांडून थेट मीरावहिनींच्या घरात शिरले होते.

घरी येऊन बाबाराव बायकोवर घसरले. "माझं नाव काहून नाई लिहिलं?"

वनमालाबाई भेंडी चिरत होत्या. "दवाखान्यात जायचं तर मीराजवळ कार आहे. तुमी तर आधी मले हे समजावून सांगान, का माझं दुखणं चुकीच्या जागी आहे."

त्या रात्री बाबाराव जेवले कमी. सकाळी त्यांना कळलं, की महिन्याभराने ऋता हेच प्रश्न पुन्हा विचारायला येणार आहे. ते ताबडतोब कामाला लागले.

मीरावहिनींचं शिलाई मशीन बिघडलं होतं. ते त्यांनी न विचारता उचललं आणि स्कूटरवर दोन पायांत धरून सदर बाजारात नेलं. त्या गर्दीत मशीनचा दांडा एका साडीच्या दुकानाबाहेरच्या पुतळीला अडकला आणि पुतळी चार दुकानं पुढपर्यंत त्यांच्यासोबत आली. गल्लीतला शेखर शहराबाहेर सिलतऱ्याला, पोलाद कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी झोपायचा. त्याला रोज अकरा वाजता उठवून ते विचारत, "झोप बरोबर लागून राहिली नं?" तुळशीरामांना तर त्यांनी स्वतः कानाच्या डॉक्टरकडे नेलं आणि वीस मिनिटं सगळी हकीकत सांगितली. डावा कान तपासून झाल्यावर तुळशीराम हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बिघडला तो दुसरा आहे."

आणि प्रत्येक घरातून निघताना बाबाराव दारात थांबत. "केव्हाई हाक मारा. अन् ते ऋता येईल फॉर्म घेऊन. नाव लिहाले पेन नसला, तर माझ्याजवळ आहे."

महिना संपला. फॉर्म भरून झाले. दोन दिवसांनी ऋता आली, तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं.

"काका, सच बताइए. तुम्ही लोकांना आपलं नाव लिहायला सांगितलं?"

"मी फक्त पेन दिला."

तिने लॅपटॉप उघडला. सतरा-अचा ठिपका थाळीएवढा झाला होता. एकवीस बाण! बाबारावांचा ऊर भरून आला.

"मेरे गाइड सर बोले, ये आदमी नहीं, चुनाव है," ऋता म्हणाली. "माणसाला कळलं की कोणी आपल्याला मोजतंय, तर तो वेगळा वागायला लागतो. मेरी सालभर की मेहनत है, काका. सतरा-अ को निकालना पड़ेगा."

"मले काढून टाकून राहिली? अवं, रेल्वेनं माझी पाच वेळा बदली केली, पण काढलं कधीच नाई!"

ऋताचे डोळे भरले. तिला रडताना पाहून बाबाराव गडबडले, सॉरी म्हणाले आणि दार लावून घेतलं. आता गल्लीचं नावसुद्धा घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

पण गल्लीला सवय लागली होती. तिला संशोधनाशी घेणंदेणं नव्हतं. तिने बाबारावांचं बोलणं खरं मानलं होतं. शेखर रविवारी सकाळी दारात हजर. "काका, मीरावैनींचा कूलर गच्चीवरून उतरवायचा आहे. तुमीच म्हणाले होते नं, केव्हाई हाक मार?"

बाबाराव गेले. कूलर उचलला आणि कमरेत कळ आली ती अशी, की माणूस काटकोनात वाकला आणि तसाच राहिला. ना वर होता येई, ना खाली. त्यांना खुर्चीत बसवता येईना, कारमध्ये बसवता येईना. शेवटी मीरावहिनींच्या कारच्या मागच्या सीटवर त्यांना पोटावर आडवं घातलं. दारातून पाय बाहेर राहिले, ते दार धरून तुळशीराम गाडीसोबत चालत निघाले. दवाखाना गल्लीच्या टोकालाच होता, पण तेवढ्या वाटेत अकरा लोकांनी पायांकडे पाहून विचारलं, "निमजेसाहेब काय?"

डॉक्टरांनी दहा दिवस झोपून राहायला सांगितलं. गल्ली तेलाच्या बाटल्या घेऊन आली. शेखर कामावरून आला की बरोबर आठ वाजता त्यांना उठवून विचारी, "काका, झोप बरोबर लागून राहिली नं?"

तुळशीराम मात्र काहीच आणत नसत. दुपारी चारला येत आणि पलंगाशेजारी बसत. पहिल्या दिवशी बाबारावांनी त्यांना पेन्शनबद्दल सल्ला दिला. दुसऱ्या दिवशी मधुमेहाबद्दल. तिसऱ्या दिवशी सल्ले संपले. मग कोणी विचारलं नसताना बाबाराव बोलायला लागले.

"माझ्या निरोप-समारंभाले मोठे साहेब आले होते. पंधरा मिनिटं भाषण केलं. पण पूर्ण वेळ मले आबाराव म्हणत होते. आबाराव फार मेहनती, आबाराव फार शिस्तीचे. हार घातला तोई आबारावाले. चौतीस वर्षं, तुळशीरामजी! अन् मी एका शब्दानं बोललो नाई."

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, बरं झालं, याला ऐकू येत नाही.

तुळशीरामांचे खांदे हलायला लागले. मग पोट. मग ते मोठ्याने हसले. त्यांचा डावा, चांगला कान बाबारावांच्या बाजूला होता. सगळं ऐकलं होतं. बाबारावांना आधी राग आला, मग त्यांनाही हसू फुटलं आणि कंबर कळवळली. "हसवू नका जी, दुखते," म्हणत ते आणखीच हसत सुटले.

पुढच्या आठवड्यात ऋता आली. सरांनी म्हटलं होतं, की त्या महिन्यात गल्लीत काय काय झालं यावर स्वतंत्र प्रकरण लिहिण्यासारखं आहे. बाबारावांची परवानगी हवी होती.

"पूरा सच बताना पड़ेगा, काका. पुतळीवालं पण."

"हव, लिही," बाबाराव म्हणाले. "पण आता नाई, चार वाजून राहिले. उद्या सकाळी ये."

आणि त्यांनी वनमालाबाईंना हाक मारून दोन कप चहा ठेवायला सांगितला.