सिंहाचा मुका

लॉरीने एम्पोली गाव मागे टाकलं तरी दियानोराचं मन थाऱ्यावर नव्हतं. दर वळणावर ती मान मागे वळवून बघायची. मागे पोती आणि गवत गुंडाळून कॉफीचं यंत्र उभं बांधलं होतं. तांब्या-पितळेचं, माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच, वर घुमट आणि घुमटावर सिंह. लढाई संपल्यावर तिच्या बापाच्या, म्हणजे फाल्लानींच्या कारखान्यातून बाहेर पडलेलं हे पहिलंच यंत्र.

"अगं, स्वस्थ बस की! यंत्र काय उडी मारून पळणार आहे?" व्हिएरीकाका चाक धरून ओरडला. "आणि चाललोय कुठे, तर पिसाला. दारात पिसाचा माणूस उभा राहण्यापेक्षा घरात मढं असलेलं बरं, असं आपली आजी म्हणायची."

"त्यांच्यासमोर म्हणू नकोस हं, काका."

"छे! मनातल्या मनात म्हणीन."

दियानोराला हसू आलं नाही. हे यंत्र नीट चाललं तर पुढची गिऱ्हाइकं मिळणार होती. नाही चाललं तर फ्लोरेन्सच्या सान फ्रेदियानो भागातला बापाचा कारखाना लोहाराला विकायची वेळ येणार होती. पण तिला खरी टोचणी होती ती सिंहाची.

पंजाखाली लिलीचं फूल कोरलेली ढाल धरून बसलेला तो सिंह म्हणजे फ्लोरेन्सचा सिंह. राजा नसलेल्या शहराची खूण. एके काळी शहराने खरेखुरे सिंह पाळले होते. पंचायतीच्या वाड्यामागच्या गल्लीला अजून सिंहांची गल्लीच म्हणतात. बापाने यंत्रं बनवायला सुरुवात केली तेव्हा घुमटावर हाच सिंह बसवला होता. मग हुकूमशहाचे काळे सदरेवाले आले. त्यांचा एक पुढारी कारखान्यात येऊन म्हणाला, "हे मांजर काढा. आमची खूण लावा, काठ्यांची मोळी आणि कुऱ्हाड." बापाने कुऱ्हाड लावली नाही. त्यांनी त्याला धरून बाटलीभर एरंडेल पाजलं. महिनाभर तो खाटेवर पडून होता. उठल्यावर त्याने सिंह काढला, पण त्या जागी दुसरं काही बसवलं नाही. पुढे सगळी वर्षं फाल्लानींची यंत्रं बोडक्या डोक्याने गेली. लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात बाप वारला. दियानोराने कोळशाच्या ढिगाखाली पुरलेला साचा उकरून काढला, नवा सिंह ओतला आणि पितळेचा पक्का डाख देऊन घुमटाला जोडून टाकला. पुन्हा कुणी काढ म्हणालं तरी निघू नये म्हणून.

पिसात नदीकाठच्या निम्म्या घरांना छप्परं नव्हती. सेत्तीमिया गेझ्झानीचं कॉफीचं दुकान मात्र नव्या चुन्याने पांढरंशुभ्र झालं होतं. बाई पन्नाशीची, विधवा, अंगाने दणकट. बाँबने दुकान आणि नवरा एकाच दुपारी नेला होता. तिने दियानोरापुढे खुर्ची सरकवली आणि हरभऱ्याच्या पिठाची गरम पोळी मिरी घालून पुढे केली. "आधी खा, पोरी. किती वाळलीयेस!"

दियानोराने उभ्याउभ्याच दोन घास खाल्ले आणि नळ्या जोडायला लागली. पोती सुटली तसा दुकानातला गलका हळूहळू बसला.

"हे काय आहे?" सेत्तीमियाने विचारलं.

"सिंह."

"ते दिसतंय मला. माझ्या नवऱ्याने जत्रेत तुमचं यंत्र दाखवलं होतं तेव्हा त्याच्या डोक्यावर काही नव्हतं."

कोपऱ्यातून ओरेस्ते नावाचा म्हातारा दगडफोड्या उठून आला. सिंहाभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "सहाशे वर्षांपूर्वी आमची माणसं तुमच्या गावात कैद करून नेली. सोडण्याआधी एकेकाला या सिंहाच्या ढुंगणाचा मुका घ्यायला लावला. माझ्या आजाने हे मला मांडीवर बसवून सांगितलंय. आणि आता आम्ही रोज सकाळी याच्यासमोर टोपी काढून कॉफी मागायची?"

"एवढी जुनी गोष्ट!" व्हिएरीकाकाचा तोल सुटला. "म्हणूनच म्हणतात, दारात पिसाचा माणूस असण्यापेक्षा घरात मढं बरं!"

"देव तुझी इच्छा पुरी करो," ओरेस्तेने थंडपणे उत्तर दिलं, आणि सगळं दुकान खदखदून हसलं.

सेत्तीमिया हसली नाही. "पोरी, काढ तो. यंत्र राहू दे."

"निघत नाही. घुमटाला डाख दिलाय. काढायला गेले तर घुमट फाटेल."

"असा कसा लावलास?"

दियानोराने तिला बापाची हकिकत सांगितली. एरंडेलाची, बोडक्या घुमटाची. सांगताना तिचे हात थांबत नव्हते. ती नळीचा तोच नट पुन्हा पुन्हा आवळत होती. सेत्तीमियाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझ्या बापाला वाईट वागवलं, खरं आहे. पण तो सिंह मी नाही ना मागवला? त्यांनी तुझ्या बापाला कुऱ्हाड लाव म्हटलं, तू मला सिंह लाव म्हणतेस."

दियानोराने गॅस पेटवला. पाणी तापलं, काटा चढला, वाफ फुसफुसली आणि खऱ्या कॉफीचा वास सुटला. लढाईभर भाजलेल्या जवांचं पाणी पिणाऱ्या माणसांनी माना पुढे काढल्या. पण पेल्याला कुणी हात लावेना.

"एक तोड आहे," ओरेस्ते म्हणाला. "आधी हिने मुका घ्यावा. जिथे आमच्यांनी घेतला तिथेच. मग आम्ही पितो."

पुन्हा हशा पिकला. कुणीतरी शीळ घातली. दियानोराच्या कानशिलांत रक्त चढलं. बापाची आठवण, प्रवासाचा शीण, बाईचं ते बोलणं, सगळं एकदम उसळलं. ती स्टुलावर चढली, वाकली आणि सिंहाच्या पुठ्ठ्यावर तिने ओठ टेकले.

"अगं, तापलंय ते!" काका किंचाळला.

तोवर ओठ भाजला होता. चर्र झालेलं पुढच्या रांगेतल्यांनी ऐकलं. दियानोरा ओरडली नाही. ती खाली उतरली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

ओरेस्तेने डोक्यावरची टोपी काढली. "मी चेष्टा करत होतो, पोरी," तो पुटपुटला. सेत्तीमियाने तिला ओढत नळाखाली नेलं, मग बोटाने ऑलिव्हचं तेल लावलं. "वेडी आहेस. आणि तू रे ओरेस्ते, लाज नाही वाटत? पी आता ती कॉफी!"

तो प्यायला. मग सगळेच प्यायले, गुपचूप, खाली बघत. निघताना सेत्तीमियाने सिंहावर हात पुसायचा पंचा टाकला. "आता याला ठेवायचंही जिवावर येतं नि काढायचंही. सध्या झाकते."

परतीच्या वाटेवर काका म्हणाला, "जिंकलीस बघ!" आपण सिंहाची अब्रू राखली की घालवली, हेच दियानोराला कळत नव्हतं. रात्री झोप येईना, दिवसा हातातलं काम सुटून पडे.

पुढच्या रविवारी मतदान होतं. देशाला राजा हवा की नको, हे विचारलं होतं, आणि बायका पहिल्यांदाच मत देणार होत्या. रांगेत सगळ्याजणींचे ओठ कोरे होते. मतपत्रिकेची कड ओली करून चिकटवायची, तिला ओठांचा रंग लागला तर मत बाद, असं बजावलं होतं. दियानोराने खूण केली, कडेवरून जीभ फिरवली आणि जखम अशी झोंबली की तिने टेबल घट्ट धरलं. मागची बाई म्हणाली, "बरं वाटत नाहीये का हो?" "वाटतंय," ती म्हणाली.

राजा गेला. गल्लीत लोक नाचत होते तेव्हा ती कारखान्यात दुसऱ्या यंत्राच्या सिंहाला खालून भोकं पाडत होती.

"स्क्रू?" काकाने विचारलं. "डाख नाही द्यायचा?"

"नाही. ज्याला नको असेल त्याने काढून ठेवावा."

"तुझा बाप चिडला असता."

"चिडला असता," ती म्हणाली आणि भोक पाडत राहिली.

उन्हाळा सरता सरता काका पिसाला यंत्राच्या नळ्यांच्या चकत्या बदलून आला. पंचा केव्हाच गेला होता. ओरेस्ते दुकानात शिरला की आपली टोपी सिंहाच्या डोक्यावर अडकवतो म्हणे, आणि कुणी हसलं तर म्हणतो, "खुंटी म्हणून बरा आहे."

दियानोरा हसली. मग उठून तिने खिडकी उघडली आणि पुढच्या सिंहाला भोकं पाडायला बसली.