टवका उडालेला आरसा

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो, पण माझ्यासमोर उभं राहून आजवर कुणी केस विंचरलेले नाहीत. पाणीपुरीच्या पुरीएवढी माझी गोल काच आणि तिला एक लांब स्टीलची दांडी. मान हवी तशी वळते. जिथे माणसाचं डोकं शिरत नाही, तिथे मला शिरवतात आणि नळीच्या, पाइपच्या पाठीमागे काय चाललंय ते मी दाखवतो. जगाची पुढची बाजू सगळेच बघतात. मी मागची बघत आलो आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा ताठाही आहे.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. तिथून मी एका विमान कंपनीच्या हत्यारांच्या स्टोअरमध्ये गेलो. माझ्या दांडीवर सतरा आकडा कोरला गेला. स्टोअरच्या भिंतीवर एक मोठा फळा होता आणि त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती लाल रंगात रंगवलेली होती. हत्यार जागेवर नसलं की लाल आकृती उघडी पडायची. मेकॅनिक हत्यार नेताना आपला पितळी बिल्ला तिथे अडकवायचा आणि परत आणून दिलं की बिल्ला घेऊन घरी जायचा. एक हत्यार जरी कमी भरलं, तरी विमान जागचं हलत नसे. इंजिनात विसरलेला एक लहानसा स्क्रूसुद्धा काय करील याचा नेम नसतो.

मला बहुतेक वेळा हरिहर न्यायचा. तो ठाकुर्लीचा, चौदा वर्षं हेच काम करणारा मेकॅनिक. कामाला लागण्याआधी रुमालाच्या टोकाने मला पुसायचा. एकदा एका पाइपच्या मागून मोहरीएवढा तेलाचा थेंब मी त्याला दाखवला, तेव्हा मुख्य इंजिनियर गुरुदत्त सरांनी सगळ्यांसमोर हरिहरची पाठ थोपटली. माझी कुणी थोपटली नाही, पण त्या दिवशी त्याने मला दोनदा पुसलं.

मग दिवस फिरले. आमच्या कंपनीकडे बारा विमानं होती, तीही बहुतेक भाड्याची. इंधन महागलं, पण तिकिटाचे पैसे वाढवायची सोय नव्हती, कारण प्रवासी लगेच दुसऱ्या कंपनीकडे वळत. त्यात दुरुस्तीला पाठवलेली इंजिनं वर्ष वर्ष परत येईनात. पाच विमानं नुसती उभी राहिली. इंजिन काढल्यावर विमानाचा तोल जाऊ नये म्हणून त्यांच्या पंखांना वजनं टांगून ठेवली होती. ते बघून मला फार वाईट वाटायचं. उभ्या विमानांचंही भाडं भरावंच लागायचं. उडणारी सात विमानं बारांचं काम करू लागली आणि माणसं मात्र कमी झाली. वीस जणांना काढणार, यादी याच महिन्यात लागणार, अशी कुजबुज सगळीकडे होती.

हे घडलं तेव्हा स्टोअरमध्ये संदेश एकटाच होता. तो दिवा स्टेशनजवळ राहायचा. पूर्वी दोघं सांभाळत ती दोन काउंटरं आता त्याच्या एकट्याच्या गळ्यात होती. दुपारी दोनला हरिहरने हत्यारांचा ट्रे पुढे सरकवला. समोर आणखी चार जण उभे होते.

"आरसा?" संदेशने वर न बघता विचारलं.

"आहे रे, ट्रेमध्येच आहे," हरिहर म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. संदेशने सही केली आणि बिल्ला परत दिला. मी मात्र हरिहरच्या पँटच्या गुडघ्याजवळच्या खिशात होतो.

चार वाजता हरिहर ठाकुर्लीला घरी पोचला आणि कपडे बदलून जरा आडवा झाला. सव्वाचारला नळाला पाणी येतं, ते तासभरच. त्याची बायको प्रमोदिनी हिने घाईघाईने सगळे कपडे मशीनमध्ये कोंबले. इंजिनांची मागची बाजू बघणारा मी त्या दिवशी खिशातून निसटून मुलीच्या पीटीच्या पँटची मागची बाजू बघत गरगर फिरलो. मशीन धडधडायला लागलं, तेव्हा प्रमोदिनीने ते थांबवून मला बाहेर ओढलं.

"अहो, हे काय खिशात ठेवलेलं?"

हरिहर उठून आला आणि मला बघून त्याचा चेहराच उतरला. माझ्या काचेचा नखाएवढा टवका उडालेला होता.

"मशीनमध्येच तुटला असणार. केवढा आपटत होता!" प्रमोदिनी म्हणाली.

दोघांनी मशीन रिकामं केलं, जाळी काढून धुतली, कपडे झटकले. तुकडा मिळाला नाही. पाच वाजायला दहा मिनिटं होती. हरिहरने ज्याचं काम केलं होतं, ते विमान सव्वासहाला सुटणार होतं.

"दुपारी इंजिनात हा पाइपच्या एका क्लॅम्पला खटकन लागलेला," हरिहर म्हणाला. "तेव्हाच फुटला असेल तर? मी नीट बघितलंच नाही."

"आणि नसेल फुटला तर? उगाच फ्लाइट अडवली म्हणतील. यादी लागायचीय ना या महिन्यात?"

"लागायचीय."

मलाही काही सांगता आलं नसतं, मित्रांनो. त्या गरगरण्यात आपण कधी फुटलो हे माझं मलाच कळलं नव्हतं.

"एकशे ऐंशी माणसं बसतील त्यात," हरिहर म्हणाला.

प्रमोदिनीने नळ बंद केला. "मग करा फोन."

विमान थांबवलं गेलं. इंजिनाची झाकणं उघडून शोधाशोध झाली. तोवर वैमानिकांची कामाची ठरलेली वेळ संपली आणि फ्लाइट रद्द झाली. प्रवासी चिडले, भांडले. कंपनीला त्यांच्या राहण्याची सोय करावी लागली, दुसऱ्या कंपन्यांची तिकिटं काढून द्यावी लागली. तुकडा सापडेपर्यंत विमान हलणार नाही, असं गुरुदत्त सरांनी सांगितलं. हरिहरला घरीच थांबायचा हुकूम मिळाला. दुसऱ्या दिवशी त्या विमानाच्या आणखी तीन फ्लाइट रद्द झाल्या.

त्याच दिवशी शाळेत हरिहरची मुलगी क्षिप्रा हिच्या बोटाला काहीतरी टोचलं. ती सातवीत होती. पीटीच्या पँटच्या खिशात, अगदी शिवणीत, माझा तुकडा अडकून बसला होता. घरातलं सगळं बोलणं तिने ऐकलं होतं. तिने तुकडा कंपासपेटीत ठेवला आणि कुणाला काही सांगितलं नाही. दुपारी घरी आल्यावर ती जेवेना. शेवटी पेटी उघडून वडिलांसमोर ठेवली.

"बाबा, माझ्या खिशात होता. मला सकाळीच मिळालेला. मी सांगितलं नाही."

"का गं?"

"तुला हसतील ना सगळे."

हरिहरने मला आणलं आणि तुकडा माझ्या काचेला लावून पाहिला. तो तंतोतंत बसला. म्हणजे इंजिनात काहीच पडलं नव्हतं. चार फ्लाइट एका कपड्यांच्या मशीनपायी बुडाल्या होत्या.

"सांगितलंस ते बरं केलंस," तो क्षिप्राला म्हणाला, आणि बराच वेळ फोनकडे बघत बसला. गप्प राहिला असता तर तो फक्त एक दक्ष मेकॅनिक ठरला असता. पण तिकडे त्याचे सोबती उघड्या इंजिनात नसलेला तुकडा शोधत होते.

"सर, तुकडा मिळाला," त्याने फोनवर सांगितलं. "माझ्या घरी. मुलीच्या पँटच्या खिशात."

"उद्या दहा वाजता आरसा आणि तुकडा घेऊन या," एवढंच म्हणून गुरुदत्त सरांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मला आणि माझ्या तुकड्याला टेबलावर मांडलं गेलं. सगळे मेकॅनिक जमले होते. संदेश दाराशी खाली मान घालून उभा होता, कारण रजिस्टरमध्ये सही त्याची होती.

"चार फ्लाइट रद्द झाल्या," गुरुदत्त सर म्हणाले. "आपल्याला एकही परवडत नाही, हे तुम्ही जाणता. खिसे न तपासल्याबद्दल हरिहर यांना लेखी ताकीद मिळेल. परंतु यांनी दोनदा फोन केला. पहिला फोन माणूस भीतीपोटीही करील. दुसरा करताना आपलं हसं होणार, हे यांना ठाऊक होतं. त्या दुसऱ्या फोनबद्दल मी यांचे आभार मानतो. या गोष्टीचा त्या यादीशी काहीही संबंध राहणार नाही, हे मी वरच्यांकडून लिहून घेतलं आहे. आता आणखी कुणाला काही सांगायचं आहे का?"

मग दाराकडून आवाज आला.

"सर, एकवीस नंबरचा पाना नऊ दिवस नाहीये," संदेश म्हणाला. "दुरुस्तीला गेलाय असं मी लिहिलेलं. दोन काउंटरं एकटा बघतो, कुठे गेला तेच कळेना. यादीच्या टेन्शनमध्ये बोललो नाही."

तो पाना शेवटी ज्या विमानासाठी नेला होता, ते दुपारी बाराला सुटणार होतं. त्याला लगेच थांबवलं. साडेअकराला पाना सापडला. विमानाची चाकं उड्डाणानंतर ज्या पोकळीत शिरतात, तिथे तो चाकांच्या दांड्याजवळ अडकून पडला होता. नऊ दिवस ते विमान त्याला घेऊन उडत होतं. नऊ दिवस चाकं दरवेळी खाली आली, हे त्या माणसांचं नशीब.

संदेशलाही ताकीद मिळाली आणि स्टोअरमध्ये दुसरा माणूसही मिळाला. यादी लागायची ती लागलीच. त्यात हे दोघं नव्हते, पण माझ्या ओळखीचे काही चांगले हात त्यात गेले. कंपनी अजून उडते आहे, कशीबशी.

फुटक्या हत्याराला विमानाजवळ जागा नसते. विमानतळाजवळचं भाडं परवडेना म्हणून कंपनीने नव्या मुलांचा प्रशिक्षण वर्ग ठाण्याला वर्तकनगरात हलवला आहे. तिथल्या काचेच्या कपाटात मी असतो, तुकडा शेजारी ठेवलेला. मुलं मला बघून हसतात. मग कुणीतरी त्यांना संदेशच्या पान्याची गोष्ट सांगतं आणि वर्ग गप्प होतो.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, हे तुम्हाला घरी रोज ऐकावं लागतंच. माझं मागणं जरा वेगळं आहे. तुमच्याकडून काही फुटलं, हरवलं तर सांगून टाका. आणि उद्या मोठे झाल्यावर कुणी तळहातावर तुकडा घेऊन तुमच्यासमोर उभं राहिलं, तर त्याच्यावर ओरडण्याआधी त्याचं ऐकून घ्या. भीतीने मूठ मिटते, आणि पाना तिकडे चाकांजवळ तसाच राहतो.