दोन विती खाली

आईला जाऊन तीन आठवडे झाले होते, तेव्हा सर घरी आले. सत्तावीस वर्षं आई त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. किनाऱ्यावरची वाळू आणायची, चाळायची, कणाकणांमधल्या ओल्या फटीत जगणारे, केसाहून बारीक कृमी टिपायची. त्यातला एक कुठल्याच पुस्तकात नव्हता. तो तिला सापडला. शोधनिबंधावर दोघांची नावं घालू, असं सर तेव्हा म्हणाले होते.

"अगं, निबंध तपासणाऱ्यांना त्या कृमीचा आणखी एक जिवंत नमुना हवाय," सर म्हणाले. "वहीत लिहिलंय तिथेच खणतोय. भरतीच्या खुणेपासून चाळीस पावलं, दोन विती खाली. नुसती वाळू!"

"कुठली वही?"

सरांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी चष्मा पुसायला घेतला.

आईची वही सरांच्या पिशवीत होती. तिच्यात खोचलेल्या निबंधाच्या मसुद्यावर एकच नाव होतं, सरांचं. आई शेवटच्या पानावर, आभारात.

सरांचा पंजा सुपाएवढा. आईची वीत लहान, माझ्याएवढीच. पिवळी वाळू संपून करडी लागते तिथला, तो कृमी राहतो तो बोटभर थर तिच्या दोन वितींवर येतो. मी सहा वर्षांची असताना माझा हात वाळूत दाबून तिने तो मला दाखवला होता. सर त्याच्याही खाली खणत होते.

"आईचं नाव पहिलं घाला, मग कुठे ते सांगते."

"मदतनिसाचं नाव पहिलं? लोक हसतील मला."

"मग दुसरं."

"अगं, गेलेल्या माणसाला नावाचं काय?"

"सांगून टाक ना," बाबा म्हणाले. "एवढा मोठा माणूस आपल्या दारी आलाय. आपलं काय जातंय?"

मला माहीत नाही, असं सरांना सांगून मी त्यांना दारापर्यंत सोडलं.

"वही कधी दिलीत, बाबा?"

"तुझी आई दवाखान्यात होती तेव्हा."

तिथे ती रोज वही मागायची. कपाटात आहे, उद्या आणतो, असं बाबा रोज म्हणायचे. "तुझे बाबा ना, एक दिवस स्वतःचं डोकं घरी विसरून येतील," म्हणून ती हसायची. मीही हसायचे.

"तिला सांगितलंत?"

"आजारी माणसाला उगाच त्रास कशाला?"

सकाळी मी ओहोटीची वेळ पाहिली आणि बरणी घेतली. दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयाला रात्रीच पत्र लिहिलं होतं: नमुना पाठवते, शोध आईच्या नावाने नोंदवा.

"थांब, मीही येतो," बाबा चपला शोधत म्हणाले.

मी थांबले नाही.