पट्टी एकीकडे, केबल दुसरीकडे

पाण्याच्या पाइपसाठी खणलेल्या खड्ड्यात धोक्याची पिवळी प्लास्टिक पट्टी दिसली तसा मुकादमाचा जीव भांड्यात पडला. पट्टी दिसली की तिच्याच खाली हातभरावर टेलिफोनची केबल असायची, हा या कामातला नेम. त्याने दाजींना, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, सांगितलं, पट्टीपासून दोन हात सोडून खोदायचं यंत्र चालवा, मधली माती हाताने काढू.

दाजींच्या हातून वर्षात दोन केबली तुटल्या होत्या. तिसरी तुटली तर केबलवाले त्यांच्या हातून यंत्र काढून घ्यायला लावणार होते. या कामावर ठेवायला मुकादमानेच शब्द टाकला होता. बहिणीचे सकाळपासून तीन फोन येऊन गेले. विचारायची जेवणाचं, कान मात्र यंत्राचं काय चाललंय त्याकडे. गल्लीचं पाणी बंद होतं. एक आजी बादली घेऊन दोनदा डोकावल्या आणि पाइप दुरुस्त करताय की विहीर खणताय, असं विचारून गेल्या.

दाजींनी दोन हात मोजून यंत्र लावलं. तिसऱ्याच घासाला यंत्राचा लोखंडी दात कशाला तरी किंचित घासला. त्यांनी यंत्र बंद केलं, खाली उतरले, बोटांनी माती सारली. काळी केबल इथेच होती. आधी कुणीतरी खणून गेलं होतं आणि बुजवताना पट्टी वाटेल तिथे टाकून मोकळं झालं होतं. केबलीच्या सालीवर बोटभर ओरखडा होता.

कुणी पाहिलं नव्हतं. दोन फावडी माती टाकली की संपलं. दाजी बसले, उठले, फावडं उचललं, परत ठेवलं.

मुकादमाने वरून विचारलं, केबल सापडली का.

"सापडली. माझ्याकडून घासलीय."

मुकादम उतरून वाकला. त्याने ओरखड्यावरून अंगठा फिरवला. "फोन तर चालू आहेत," तो पुटपुटला.

"आज आहेत. पाणी मुरलं की बंद पडतील. कोपऱ्यावरच्या दवाखान्याचीही हीच लाइन आहे."

मुकादमाने केबलवाल्यांच्या कचेरीत फोन लावला. यंत्रावर कोण होतं, पलीकडून पहिलाच प्रश्न आला. दाजी मान खाली घालून बुटाची माती खरवडत होते.

"माझे दाजी होते," मुकादम म्हणाला. "पण तिथे चालवा असं सांगितलं मी. पट्टीवर भरवसा ठेवला. आधी हाताने चाचपून बघायला हवं होतं."

माणूस पाठवतो, तोवर बुजवू नका, इतकंच उत्तर आलं. दाजींच्या हाती यंत्र ठेवायचं की नाही, ते येणारा माणूस ओरखडा बघून ठरवणार होता.