वाफेत उकळलेली वस्ती

मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. मी एक जुना, काळपट, बुळबुळीत स्पंज आहे. लहान मुलांच्या दवाखान्यात माशांची टाकी आहे, तिच्या कोपऱ्यात पंपाच्या नळीवर मला बसवलंय.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी निळाशार होतो आणि अगदी रिकामा. टाकीत आल्यावर माझ्या भोकाभोकांत हळूहळू बिऱ्हाडं येऊ लागली. डोळ्यांना न दिसणारे जंतू! मासे खातात, घाण करतात, आणि त्या घाणीतून पाण्यात विष उतरतं. माझ्यातल्या एका आळीतले जंतू ते विष खायचे आणि मागे दुसरंच विष टाकायचे. शेजारच्या आळीतले जंतू त्यांचं ते उष्टं खाऊन पाणी निर्धोक करायचे. म्हणून सांगतो, टाकीचं उद्या काय होणार हे माशांच्या रंगावरून कळत नाही. माझ्यात कोण नांदतंय, त्यावरून कळतं.

कौतुक मात्र माशांचंच, त्यातही वाघोबाचं. वाघोबा म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा एक जाडजूड मासा. छातीच्या दुखण्यासाठी एक छोटी मुलगी इंजेक्शन घ्यायला यायची. ती काचेवर बोट टेकवायची, की वाघोबा थेट त्या बोटाशी हजर. त्याच्याशी तिच्या गुजगोष्टी चालू असताना डॉक्टरताई सुई टोचून मोकळ्या व्हायच्या. पोरीला पत्ताही लागायचा नाही.

एकदा कुणाचे तरी वडील म्हणाले, "डॉक्टर, पोरांना हात धुवा म्हणून ओरडता, आणि हे काय लोंबतंय इथे काळंकुट्ट?"

डॉक्टरताई ओशाळल्या. दुपारी दवाखाना बंद होताच त्यांनी बाह्या सरसावल्या, टाकी घासली, सगळं पाणी बदललं. आणि मला? कात्र्या-चिमटे ज्या वाफेच्या भांड्यात निर्जंतुक करतात, त्यात घातलं! रागाने नाही हो, मायेनेच. बाहेर काढून त्या म्हणाल्या, "बघ, कसा लख्ख झालास!"

माझं असं कौतुक पहिल्यांदाच झालं. पण ते ऐकायला माझ्यात कुणीच उरलं नव्हतं.

पाणी आरशासारखं नितळ दिसत होतं. येणारा-जाणारा वाहवा करत होता. पुढे मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. डॉक्टरताईंना वाटलं, भुकेले आहेत. त्यांनी चिमूटभर खाणं जास्तच टाकलं. म्हणजे घाण आणखी वाढली.

अशात एका सकाळी छोटीची आई आली. "खोकला कमी झाला, पण पोट पार बिघडलं हो हिचं."

डॉक्टरताई लिहिता लिहिता म्हणाल्या, "होतं तसं. औषध वाईट जंतू मारतं, त्यांच्याबरोबर पोटातले कामाचे जंतूही..."

पेन थांबलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"अगं बाई! हे काय करून बसले मी?"

गळ्यातला स्टेथोस्कोप तसाच ठेवून त्या समोरच्या सलूनमध्ये धावल्या. तिथेही माशांची टाकी होती.

"दादा, तुमच्या टाकीतला स्पंज कधी धुतलाय?"

"खोटं कशाला बोलू ताई, कधीच नाही."

"देव तुमचं भलं करो! अर्धा कापून द्या मला."

"घ्या! गिऱ्हाईक इथून अंग झटकून जातं, आणि तुम्ही माझी घाण मागून नेताय!"

त्या अर्ध्या स्पंजचं काळं पाणी डॉक्टरताईंनी माझ्यावर पिळलं. टाकीतलंही थोडं पाणी बदललं. माझ्यात पुन्हा बिऱ्हाडं उतरली. बरेचसे मासे तगले.

वाघोबा तगला नाही.

सलूनवाले दादा हळूच म्हणाले, "तसाच पट्टेवाला दुकानात मिळतो. पोरीला काय कळणार आहे?"

डॉक्टरताईंनी तसाच आणून सोडला. छोटी आली, तिने काचेवर बोट टेकवलं. नवा मासा दुसऱ्या कोपऱ्यात फिरत राहिला.

"वाघोबा रुसलाय का माझ्यावर?"

"हो" म्हटलं असतं की मिटलं असतं. डॉक्टरताईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि त्या तिच्याजवळ जमिनीवर बसल्या.

"नाही गं राणी. हा वाघोबा नाहीच. वाघोबा मेला, माझ्यामुळे. त्याला जगवणारे जंतू त्या स्पंजमध्ये होते. मी तो उकळला."

"मुद्दाम?"

"नाही. मला वाटलं, स्वच्छ करतेय."

पोरीने काचेवरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाली, "त्याला सॉरी म्हणालात?"

डॉक्टरताईंनी ट्रेमधली सुई पुन्हा उचलली. त्या दिवशी सुई छोटीला चांगलीच टोचली. ती रडली, पण हात मागे घेतला नाही.

आता मी पुन्हा काळपट झालोय. डॉक्टरताई मला नळाच्या जंतुनाशक घातलेल्या पाण्याखाली धरत नाहीत. टाकीतलंच पाणी बादलीत काढतात आणि त्यात मला हलकेच दाबतात, झोपलेल्या बाळाचं अंग पुसावं तसं. त्या वेळी त्यांचे ओठ हलत असतात. आजूबाजूच्यांना वाटतं, देवाचं नाव घेतायत. मी हातातच असतो ना, मला ऐकू येतं. त्या वाघोबाला सॉरी म्हणत असतात. दर वेळी.

मित्रांनो, काळं दिसलं की घासायला धावू नका. आधी एवढंच विचारा, इथे कोण राहतं?